दिवाळीच्या रात्रीचा भारत आणि हरवलेले थर

दिवाळी दोन दिवसांवर आली की एक चित्र हमखास आपल्या भ्रमणध्वनीवर येऊन थडकते. काळ्याशार पार्श्वभूमीवर भारताचा नकाशा आणि त्यावर पांढऱ्या, निळ्या, हिरव्या, तांबड्या ठिणग्यांची जणू ठिपक्यांची रांगोळी. खाली ओळ असते : ‘दिवाळीच्या रात्री अवकाशातून दिसणारा आपला देश, छायाचित्र नासा’. आपण ते कौतुकाने पाहतो, चार गटांत पुढे धाडतो आणि फराळाकडे वळतो. गेल्या दहा-बारा वर्षांहून अधिक काळ हा नेम चुकलेला नाही.

या चित्रात खोटे काहीच नाही. खोटी आहे ती त्याखालची ओळ.

चित्र २००३ साली तयार झाले. अमेरिकेच्या सागर व वातावरण विज्ञान संस्थेतील, म्हणजे ‘नोआ’मधील, शास्त्रज्ञ ख्रिस एल्विज यांनी ते केले. त्यासाठीची विदा अमेरिकी संरक्षण खात्याच्या हवामान-उपग्रहांनी टिपली होती. रात्री चंद्रप्रकाशात ढग दिसावेत म्हणून या उपग्रहांवर अतिशय संवेदनशील उपकरण बसवलेले असे. ढगांच्या जोडीला त्याला गावांचे दिवेही दिसत. एल्विज यांनी वेगवेगळ्या वर्षांचे असे दिवे घेऊन प्रत्येक काळाला एक रंग दिला. १९९२च्या आधीपासून दिसणारे दिवे पांढरे. १९९२ साली नव्याने दिसू लागलेले निळे, १९९८चे हिरवे आणि २००३चे तांबडे. चार काळांचे चार थर एकावर एक ठेवले आणि त्यातून देशातील वस्ती कशी पसरत गेली याचा नकाशा उभा राहिला. दिवाळीशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. पुढे कोणीतरी रंगांचा खुलासा कापून टाकला, चार थरांचे एकच सपाट चित्र समाजमाध्यमांवर आले आणि तांबड्या ठिपक्यांत लोकांना पणत्या दिसू लागल्या.

नासाने २०१२ साली याचा खुलासा केला. त्या वर्षीच्या १२ नोव्हेंबरच्या रात्री सुओमी एनपीपी या उपग्रहाने टिपलेले दक्षिण आशियाचे खरे चित्र प्रसिद्ध केले आणि दिवाळीमुळे वाढणारा उजेड इतका थोडा असतो की अवकाशातून तो बहुधा जाणवणारही नाही, असे सांगितले. ते चित्र करडे आणि शांत आहे. फारसे कोणी ते पुढे पाठवले नाही.

या प्रकरणाचा उपयोग बहुतेक जण अफवांवरचे उदाहरण म्हणून करतात. मला त्यात दुसरीच गोष्ट दिसते. थरांनी बनलेले चित्र एकदा सपाट झाले की परतीची वाट का बंद होते आणि ती उघडी ठेवण्यासाठी माणसाने काय काय केले, याला दीडशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. संगणकावर छायाचित्रे सुधारणारी मंडळी त्या युक्तीला ‘नॉन-डिस्ट्रक्टिव्ह एडिटिंग’ म्हणतात. मराठीत ‘अविनाशी संपादन’ म्हणता येईल. शब्द गीतेतून उठून आल्यासारखा वाटतो खरा, पण येथे त्याचा अर्थ अगदी व्यवहारी आहे : मूळ प्रतीला हात न लावता तिच्यावर काम करणे.

१८५७ साली इंग्लंडमध्ये ऑस्कर रेलँडर या छायाचित्रकाराने तीसहून अधिक वेगवेगळ्या निगेटिव्ह जोडून एकच भव्य चित्र छापले. प्रत्येक आकृती वेगळी टिपलेली. कागदावर मात्र सगळी एकाच दरबारात बसल्यासारखी. लोकांनी त्याला लबाडी म्हटले, पण त्याच्या काचा जशाच्या तशा राहिल्या होत्या. जोडणी झाली ती कागदावर. चार वर्षांनी, १८६१ साली, जेम्स क्लर्क मॅक्सवेल यांनी लंडनमध्ये एका रंगीत फितीचे चित्र पडद्यावर दाखवले. तांबड्या, हिरव्या आणि निळ्या गाळणीतून घेतलेल्या तीन कृष्णधवल काचा होत्या. त्यांच्यामागे त्याच रंगांच्या गाळण्या धरून तिन्ही प्रतिमा पडद्यावर एकत्र पाडल्या. रंग एकाही काचेवर नव्हता. आज आपल्या हातातील प्रत्येक पडदा याच तीन थरांवर चालतो.

रोजच्या धंद्यातील रीत मात्र वेगळी होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई, कलकत्ता, मद्रास, सिकंदराबाद येथे फोटो-स्टुडिओ उभे राहिले आणि त्यांच्याबरोबर ‘रिटचिंग’ करणारे कारागीर आले. काचेच्या निगेटिव्हवर मऊ शिशाच्या पेन्सिलीने चेहऱ्यावरच्या सुरकुत्या भरून काढायच्या आणि नको असलेला भाग बारीक सुरीने खरवडायचा. हात इतके तयार असत की ग्राहकाला पत्ताही लागू नये. पण खरवडलेला चांदीचा थर परत येत नाही. छापलेल्या फोटोवर रंग चढवण्याची आपल्याकडची पद्धत तर याहून धीट. कित्येकदा जलरंगाचा लेप इतका दाट असे की खालचा फोटो पार झाकून जाई आणि उरे ते लघुचित्रासारखे काहीतरी. दिसायला ती चित्रे अतिशय सुंदर आहेत. मात्र मूळ चेहरा कसा होता हे त्यांच्याकडून आता कळणार नाही.

मूळ वस्तूवरच केलेल्या दुरुस्तीचे आपल्याजवळचे सर्वांत दुखरे उदाहरण फोटोचे नाही, अजिंठ्याचे आहे. मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२ ते १८८५ या काळात तेथील भित्तिचित्रांच्या नकला करत होते. रंग उठून दिसावेत म्हणून त्या काळात भिंतीवरच्या चित्रांना व्हार्निश लावले गेले. पुढे निजाम सरकारने इटलीहून दोन तज्ज्ञ बोलावले. त्यांनी १९२० ते १९२२ या काळात सुटू लागलेले पापुद्रे बसवले आणि त्या कामात लाखेचा वापर झाला. हेतू वाईट नव्हता, आणि पापुद्रे वाचलेही. पण लाख काळाबरोबर पिवळी पडते, तपकिरी होते आणि खालच्या रंगाला धरून बसते. नंतरच्या पिढ्यांतील संवर्धकांचा मोठा काळ ती उतरवण्यात गेला. आज संवर्धनशास्त्राचा एक मूलभूत दंडक असा, की आपण जे लावू ते उद्याच्या माणसाला काढता आले पाहिजे.

हाच दंडक संगणकाच्या जगात यायला थोडा वेळ लागला.

१९८७ साली मिशिगन विद्यापीठात पीएच.डी. करणाऱ्या टॉमस नॉल यांनी आपल्या मॅकिंटॉश प्लसवर एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. त्या यंत्राच्या पडद्याला काळा आणि पांढरा एवढे दोनच रंग येत. करड्या छटांचा भास निर्माण करावा एवढाच सुरुवातीचा उद्देश. त्यांचे भाऊ जॉन चित्रपटांतील दृश्यचमत्कार घडवणाऱ्या इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या कंपनीत कामाला होते. त्यांनी या खेळण्यातील शक्यता हेरली, दोघांनी ते वाढवले आणि फेब्रुवारी १९९०मध्ये ॲडोबीने ते ‘फोटोशॉप’ या नावाने बाजारात आणले.

पहिल्या फोटोशॉपमध्ये थर नव्हते. चित्र म्हणजे ठिपक्यांचा एकच तक्ता. एखादा तुकडा उचलून दुसरीकडे ठेवला तर तो निवडलेला आहे तोवर तरंगत राही. निवड सुटली की खालच्या चित्रात विरघळून जाई. चूक सुधारायला एकच पाऊल मागे जाता येई. म्हणजे सुरी आणि पेन्सिल घेऊन बसलेला जुना रिटचर पडद्यावर आला होता, इतकेच. त्याच्या हातून होणारा नाशही तोच होता, फक्त आता तो अंकगणिताच्या रूपाने होत होता.

हा नाश कसा होतो ते एका उदाहरणाने पाहू. चित्रातील प्रत्येक ठिपक्याची उजळता ० ते २५५ अशा पूर्णांकांत साठवलेली असते. शेजारच्या दोन ठिपक्यांच्या उजळता १०० आणि १०१ आहेत असे समजा. चित्र निम्मे काळोखे केले. अपूर्णांक टाकून दोन्हींच्या जागी ५० आले. मग वाटले, नको, होते तसेच बरे होते, म्हणून उजळता दुप्पट केली. आता दोन्ही १०० झाले. डोळ्यांना काही फरक दिसणार नाही, पण २५६ छटांपैकी निम्म्या कायमच्या गेल्या. अशा पाच-सहा सुधारणा एकामागून एक केल्या की संध्याकाळचे आकाश पायऱ्या-पायऱ्यांचे दिसू लागते. जो कोणी एका फोटोवर तासभर खपला आहे आणि शेवटी सुरुवातीचाच फोटो बरा होता असे म्हणाला आहे, त्याला हे ठाऊक आहे.

थरांचे गणित त्याआधीच तयार होते. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये एड कॅटमल आणि अल्वी रे स्मिथ यांनी ठिपक्याच्या तीन रंगांना चौथा आकडा जोडला : तो ठिपका किती अपारदर्शक आहे हे सांगणारा ‘अल्फा’. १९८४ साली लुकासफिल्ममधील टॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी अशी चित्रे एकावर एक ठेवण्याचे नियम एका शोधनिबंधात मांडले. त्यातील सर्वांत उपयोगी नियम साधा आहे. वरच्या थराची उजळता २००, खालच्याची १०० आणि वरचा थर ४० टक्के अपारदर्शक असेल, तर २००चे ४० टक्के म्हणजे ८० आणि १००चे ६० टक्के म्हणजे ६०. दिसणारी उजळता १४०.

आता हेच उलट करून पाहा. तुमच्यापुढे फक्त १४० आहे. वर काय होते, खाली काय होते? २०० आणि १०० असू शकतात. १८५ आणि ११० असू शकतात. किंवा वर काहीच नसेल आणि खालीच १४० असेल. उत्तरे असंख्य. दिवाळीच्या चित्राला त्याचे रंग तरी वाचवतात. कृष्णधवल करून पाठवले असते, तर कोणता दिवा कोणत्या वर्षाचा हे शोधण्याचा मार्गच उरला नसता.

१९९४मध्ये फोटोशॉपच्या तिसऱ्या आवृत्तीत थर आले. आपल्याकडे थर म्हटले की गोकुळाष्टमीचे गोविंदा आठवतात, पण त्या थरांत खालच्याच्या खांद्यावर वरच्याचा भार असतो. येथे खालच्याला वरच्याचा पत्ताही नसतो. वरचा काढा, हलवा, अर्धपारदर्शक करा. तळाचा फोटो होता तसा राहतो. वृत्तपत्रांची, जाहिरातींची, पुस्तकांच्या मुखपृष्ठांची कामे करणाऱ्यांसाठी ही केवढी मोठी सुटका होती हे त्या काळी डीटीपीच्या दुकानांत बसलेल्यांना विचारावे. अर्थात तिची किंमत होती. तीन हजार गुणिले दोन हजार ठिपक्यांचे एक रंगीत चित्र १८ मेगाबाइटचे. प्रत्येक भरलेला थर साधारण तेवढाच जड. आणि पुष्कळशा संगणकांची स्मृती आठ किंवा सोळा मेगाबाइट. म्हणून चार थर झाले की यंत्र धापा टाकू लागे आणि माणूस निरुपायाने सगळे एकत्र करून मोकळा होई. जागा वाचवण्यासाठी किती मूळ चित्रे अशी सपाट झाली असतील याची गणतीच नाही.

खरी उडी मात्र १९९६ची आहे असे माझे मत आहे, आणि तिचा गवगवा कमी झाला. चौथ्या आवृत्तीत ‘ॲडजस्टमेंट लेयर’ आला. हा थर म्हणजे चित्र नव्हेच. त्यात एकही रंगीत ठिपका नसतो. त्यात असते ती एक सूचना : ‘खाली जे असेल ते इतके उजळ करून दाखव’. पडद्यावर दिसते ते सूचना पाळल्यानंतरचे रूप; साठवलेले राहते ते मूळ चित्र आणि त्याच्या शेजारी ठेवलेला आपला निर्णय. मूळ चित्राला धक्का नाही, त्यामुळे सूचना दहा वेळा बदलली तरी प्रत्येक वेळी हिशेब पहिल्यापासून होतो आणि वर सांगितलेली निम्म्या छटांची गळती साचत जात नाही. दोन वर्षांनी, १९९८मध्ये, अनेक पावले मागे जाण्याची सोय आली, तेव्हा लोकांना तीच अधिक थोर वाटली. पण मागे जाण्याची सोय फाइल बंद करेपर्यंतची. शेजारी लिहून ठेवलेला निर्णय पुढल्या वर्षीही वाचता येतो, आणि तो दुसऱ्या कोणालाही वाचता येतो.

पुढचा प्रवास भराभर झाला. डिजिटल कॅमेऱ्यांनी संवेदकावरची कच्ची नोंद, म्हणजे ‘रॉ’ फाइल, जशीच्या तशी द्यायला सुरुवात केली होती. २००५ साली ॲपलचे ‘ॲपर्चर’ आणि २००७ साली ॲडोबीचे ‘लाइटरूम’ आले आणि त्यांनी सगळा व्यवहारच सूचनांवर नेला. कच्च्या फाइलमध्ये काही लिहायचेच नाही. उजळता, कापणी, रंग, सगळे बाजूच्या यादीत. २००५मध्येच फोटोशॉपला ‘स्मार्ट ऑब्जेक्ट’ मिळाला. मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात ‘डार्कटेबल’ २००९मध्ये याच मार्गाने निघाले. ‘गिंप’ या जुन्या आणि लोकप्रिय प्रोग्रॅमला मात्र फार वाट पाहावी लागली. त्याच्यासाठीच्या नव्या चित्रयंत्रणेचे काम २००० साली सुरू झाले होते. मूळ ठिपक्यांना न बदलता परिणाम करणाऱ्या गाळण्या वापरणाऱ्यांच्या हाती पडल्या त्या मार्च २०२५मध्ये, तिसऱ्या आवृत्तीत. पंचवीस वर्षे स्वयंसेवकांनी फुकट काम करून एका कल्पनेचा पाठपुरावा केला, ही बातमी खरे तर पहिल्या पानावर यायला हवी होती.

या सगळ्याविषयी मी इतक्या आस्थेने का लिहितो आहे, ते येथे सांगून टाकतो. वीसेक वर्षांपूर्वी माझ्या पणजीचा एकुलता एक फोटो मी स्कॅन केला. फोटोवर बुरशीचे ठिपके पडले होते. नवे सॉफ्टवेअर हाताशी होते, उत्साह होता. एका रात्रीत मी सगळे डाग पुसले आणि त्याच नावाने फाइल साठवली. मूळ फोटो चौकटीच्या काचेला चिकटलेला होता. पुढच्या पावसाळ्यात ओल शिरून तो गेला. मी अभिमानाने आईला नवा फोटो दाखवला. ती बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “हिच्या हनुवटीवरचं गोंदण कुठं गेलं रे?” तीन हिरवट ठिपके होते म्हणे, त्रिकोणात. मी ते बुरशीबरोबर पुसले होते. आईने बोटाने जागा दाखवली, पण नेमकी कुठे हे तिलाही सांगता येईना.

एका घरातील फोटोचे जे झाले ते देशाच्या नोंदींचे होऊ नये, याची काळजी आपल्याकडे काही लोकांनी फार आधीपासून घेतलेली आहे. १७ मार्च १९८८ रोजी बैकानूरहून आयआरएस-१ए हा आपला पहिला कार्यकारी दूरसंवेदन उपग्रह उडाला. त्याचे कॅमेरे निळा, हिरवा, तांबडा आणि डोळ्यांना न दिसणारा निकट-अवरक्त अशा चार पट्ट्यांत जमीन पाहत. एका कॅमेऱ्याला जमिनीवरील साडेबहात्तर मीटरचा ठिपका दिसे, दुसऱ्याला सव्वाछत्तीस मीटरचा. चार पट्टे म्हणजे चार स्वतंत्र थर. भूगोलाच्या पुस्तकात आपण पाहिलेली ती तांबडीलाल जंगले याच थरांच्या अदलाबदलीतून येतात. निकट-अवरक्त पट्टा तांबड्या रंगात दाखवायचा, तांबडा हिरव्यात, हिरवा निळ्यात. निरोगी पानांवरून अवरक्त किरण भरपूर परावर्तित होतात, म्हणून सह्याद्री लाल दिसतो. रंग बदलला तो दाखवताना. हैदराबादच्या संग्रहात पट्टे वेगवेगळेच राहतात. कच्ची नोंद, संवेदकाचे दोष काढलेली नोंद, नकाशावर बसवलेली नोंद अशा तिच्या पायऱ्या असतात, आणि वरची पायरी चढताना खालची मोडायची नसते. देशातील जंगलांची मोजणी उपग्रहचित्रांवरून होते. आधीच्या अहवालातील आकडे फेरतपासणीनंतर दुरुस्त केल्याची उदाहरणे त्यात आहेत. त्या दुरुस्त्यांवर वाद घालावा, जरूर घालावा. पण वाद घालता येतो तो जुनी चित्रे जागेवर आहेत म्हणून.

याचे सर्वांत सुंदर फळ आपल्याला चंद्रावर मिळाले. २२ ऑक्टोबर २००८ रोजी चांद्रयान-१ निघाले. त्यावर नासाने दिलेले ‘मून मिनरॉलॉजी मॅपर’ नावाचे उपकरण होते. चंद्रावरून परतणाऱ्या सूर्यप्रकाशाचे ते तीन मायक्रोमीटरपर्यंतच्या तरंगलांबींत बारीक बारीक पट्टे करी. म्हणजे एकाच दृश्याचे कितीतरी थर. ऑगस्ट २००९च्या अखेरीस यानाशी संपर्क तुटला. सप्टेंबरमध्ये कार्ल पीटर्स आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ नियतकालिकातून जाहीर केले की चंद्राच्या पृष्ठभागावर पाण्याची किंवा हायड्रॉक्सिलची खूण दिसते आहे. ती बातमी सर्वांना ठाऊक आहे. पुढची तितकीशी नाही.

पाण्याची ती खूण तीन मायक्रोमीटरच्या आसपास उमटते. अडचण अशी की दुपारी तापलेला चंद्र त्याच तरंगलांबींत स्वतःचीही उष्णता फेकत असतो. उपकरणाला दोन्हींची बेरीज दिसते. उष्णतेचा वाटा किती हे ठरवून वजा केल्याशिवाय पाण्याचा पत्ता लागत नाही आणि वजाबाकी थोडी चुकली तरी पाणी नसलेल्या जागी दिसते किंवा असलेल्या जागी नाहीसे होते. ही वजाबाकी म्हणजे एक दुरुस्तीचा थरच. २०१७ साली श्वाय ली आणि राल्फ मिलिकन यांनी पृथ्वीवर आणलेल्या चांद्रनमुन्यांच्या मोजमापांच्या आधारे ही वजाबाकी नव्याने केली आणि पाण्याचा नकाशा पुन्हा काढला. २०१८ साली दुसऱ्या एका गटाने वेगळी वजाबाकी वापरून असे मांडले की खूण ध्रुवांकडेच जास्त आहे असे नाही, ती चंद्रभर आहे. या मतभेदाचे मूळ उष्णता किती वजा करायची एवढ्यातच आहे. त्याच २०१८मध्ये ली आणि सहकाऱ्यांनी ध्रुवांजवळच्या कायम सावलीतील विवरांत उघड्यावर बर्फ असल्याचा थेट पुरावा त्याच विदेतून काढला, आणि २०२०मध्ये तिच्यातूनच हेमॅटाइट हे लोहखनिज सापडल्याचे प्रसिद्ध केले. चांद्रयान-१ मुके होऊन तेव्हा अकरा वर्षे झाली होती.

२००९ साली कोणी ‘दुरुस्त केलेली चित्रे आहेत ना, मग कच्ची कशाला जपायची’ असा विचार करून पहिल्या वजाबाकीचे उत्तर तेवढे ठेवले असते, तर यांतील एकही गोष्ट घडली नसती. चांद्रयान-२ची विदाही आज बंगळूरुजवळच्या ब्यालालू येथील केंद्रामार्फत आंतरराष्ट्रीय ग्रहविज्ञानाच्या ठरीव स्वरूपात खुली आहे. नोंदणी करून कोणताही विद्यार्थी ती उतरवून घेऊ शकतो. बातम्यांत झळकणारी चकचकीत चित्रे पाहून झाली असतील त्यांनी एकदा ती करडी, तिरपी कच्ची चित्रे जरूर उघडून पाहावीत.

आपल्या-आपल्यांत फिरणाऱ्या चित्रांसाठी अशी सोय नाही असे नाही. २०२१पासून काही कॅमेरा व सॉफ्टवेअर कंपन्या आणि वृत्तसंस्था ‘सीटूपीए’ या नावाने एक मानक तयार करत आहेत : चित्र कुठे टिपले, त्यावर काय काय केले, याची मुद्रांकित यादी चित्राबरोबरच प्रवास करील. कल्पना चांगली आहे. पण आपण ज्या माध्यमांतून चित्रे पाठवतो त्यांतील पुष्कळशी जागा वाचवण्यासाठी चित्र दाबतात आणि बरोबरची माहिती झाडून टाकतात. १९९४मध्ये डीटीपीच्या दुकानात जे जागेसाठी होत होते, तेच येथे चालू आहे.

तर यंदाही ते चित्र येईल. आले की लगेच पुसू नका आणि पाठवणाऱ्या मावशींना धारेवरही धरू नका. थोडे मोठे करून पाहा. आपला तालुका शोधा. ठिपका पांढरा असेल तर तेथे १९९२च्या आधीपासून उपग्रहाला दिसण्याइतके दिवे होते. निळा असेल तर १९९२चे, हिरवा असेल तर १९९८चे. आणि मोठ्या शहरांच्या कडेकडेने, महामार्गांच्या बाजूने जे तांबडे ठिपके विखुरलेले दिसतात, ते २००३मध्ये पहिल्यांदा इतके उजळले की आठशे किलोमीटर उंचीवरून जाणाऱ्या उपग्रहाला दिसावेत. त्यांतील एखाद्या ठिपक्याखाली कोणाचे तरी गाव आहे.